विरजण

दिवेलागणीपूर्वी दूध विरजायचे, हा आजींचा पन्नास वर्षांहून अधिक काळचा शिरस्ता. लग्न होऊन त्या विदर्भातून भिलाईला आल्या, तेव्हा पोलाद कारखान्याची वसाहत तशी नवीच होती. सासूबाईंनी निघताना कडीच्या डब्यात लोणचे दिले, पापड दिले आणि एका लहानशा डबीत दही दिले. “हे वाटेत खायचं नाही. तिथे गेल्यावर याचंच विरजण लाव,” असे त्यांनी बजावले होते. रेल्वेच्या प्रवासात ती डबी आजींनी मांडीवरून खाली ठेवली नाही. तेव्हापासून त्या घरात विकतचे दही आले नाही. कालच्या दह्यातून आजचे आणि आजच्या दह्यातून उद्याचे, अशी ती साखळी अखंड चालली.

विरजण लावण्याची त्यांची रीत ठरलेली असे. दूध तापवायचे, कोमट होऊ द्यायचे, करंगळी बुडवून ऊब पाहायची आणि चमचाभर दही घालून हलक्या हाताने ढवळायचे. थंडीच्या दिवसांत ते भांडे जुन्या शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवले जाई. उन्हाळ्यात त्याची जागा माठाशेजारच्या थंड कोपऱ्यात असे. वेळेचा अंदाज चुकला तर दही अदमुरे राहते किंवा आंबट ढाण होते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. मात्र त्या चमच्यात नेमके काय असते, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

शेजारच्या घरात ओडिशातील एका खेड्यातून आलेले कुटुंब राहत होते. त्या घरातील गृहिणी प्रथम विरजण मागायला आली, तो प्रसंग आजी नेहमी हसत सांगत. ती आली, बसली, हवापाण्याच्या गोष्टी बोलली आणि उठायला लागली. तेवढ्यात तिच्या पदराआडची वाटी आजींना दिसली. “ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?” आजी म्हणाल्या. ती मराठी म्हण तिला मोडक्यातोडक्या हिंदीत समजावून सांगताना दोघींनाही हसू आवरेना. त्या दिवसापासून ती आजींना ‘माउसी’ म्हणू लागली. ओडिया भाषेतली माउसी आणि मराठीतली मावशी यांच्यात अंतर ते किती! “माउसी, थोडा जामन देना,” अशी हाक अधूनमधून येई. तिन्हीसांजेनंतर विरजण घराबाहेर देऊ नये, असा आजींचा दंडक होता. म्हणून “दिवा लागायच्या आत ये गं,” एवढे त्या न चुकता सांगत. उन्हाळ्यात शेजारणीकडून रात्रभर पाण्यात भिजवलेल्या भाताचे पखाळ येई आणि आजींच्या घरून ज्वारीची आंबील जाई. दोन्ही पदार्थांची आंबूस चव एकाच प्रकारच्या कामगारांनी आणलेली होती. हे कामगार डोळ्यांना दिसत नाहीत, इतकेच.

चमचाभर दह्यात असे कोट्यवधी जिवाणू असतात. दुधातील दुग्धशर्करा हे त्यांचे खाद्य. ती खाताना ते दुग्धाम्ल तयार करतात, त्या आम्लाने दुधातील प्रथिने एकमेकांना धरतात आणि दूध घट्ट होते. दुग्धाम्ल तयार करणाऱ्या अनेक जिवाणूंना ‘लॅक्टोबॅसिलस’ हे कुलनाम आहे. त्यांच्यापैकी एकाला आपल्या देशाने मोठा मान दिला आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये हैदराबाद येथे जैवविविधतेवरील आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. त्या वेळी ‘लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी बल्गेरिकस’ हा भारताचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव म्हणून घोषित झाला. वाघ आणि मोर यांच्या पंक्तीत दह्यातला एक जिवाणू जाऊन बसला. विशेष म्हणजे ही निवड केली होती देशभर फिरणारी ‘सायन्स एक्स्प्रेस’ ही प्रदर्शन-गाडी पाहायला आलेल्या मुलांनी.

जिवाणूंना असा मान मिळेल, असे सव्वाशे वर्षांपूर्वी कोणाला वाटले नसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक रोगांचे जंतू सापडत होते. पटकीचा जंतू शोधत रॉबर्ट कॉख १८८३च्या अखेरीस कोलकात्याला आला आणि १८८४ मध्ये त्याने त्या जंतूची ओळख पटवली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. त्या वेळी व्लादिमीर हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळ येथील हाफकिन संस्था त्याचेच नाव धारण करून आजही उभी आहे. या साऱ्या शोधांनी असंख्य जीव वाचले, यात शंका नाही. पण दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. जंतू म्हणजे रोग आणि जिवाणू म्हणजे शत्रू, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले.

त्या समीकरणाला धक्का देणाऱ्यांमध्ये हाफकिनचे गुरू अग्रभागी होते, हा इतिहासातील एक सुंदर योगायोग आहे. ईल्या मेचनिकॉव्ह हे त्यांचे नाव. ओडेसाच्या विद्यापीठात हाफकिन त्यांच्या हाताखाली शिकला आणि पुढे त्यांच्या मागोमाग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला. रक्तातील काही पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हे मेचनिकॉव्ह यांनी दाखवले. या कार्यासाठी त्यांना १९०८चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिच यांच्यासोबत मिळाले. शरीराच्या संरक्षणाचा अभ्यास करणाऱ्या याच शास्त्रज्ञाचे लक्ष उतारवयात दह्याकडे वळले. बल्गेरियातील खेड्यांत दीर्घायुषी माणसे पुष्कळ आढळतात आणि त्यांच्या आहारात आंबवलेले दूध असते, असे त्यांच्या वाचनात आले होते. स्टॅमेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन वैद्याने १९०५ मध्ये त्या दह्यातील जिवाणू ओळखला होता. आतड्यातील अपायकारक जिवाणूंना दह्यातील जिवाणू आवर घालतात आणि म्हणून आयुष्य वाढते, असा तर्क मेचनिकॉव्ह यांनी मांडला. ते स्वतः नेमाने आंबवलेले दूध पीत. त्यांच्या तर्काचे सारे तपशील टिकले नाहीत. दह्यातला तो जिवाणू माणसाच्या आतड्यात कायमची वस्ती करीत नाही, असे पुढील संशोधनात दिसून आले. तरीही त्यांनी विचारलेला प्रश्न टिकला. सगळेच जिवाणू वैरी असतात का, हा तो प्रश्न.

त्याचे उत्तर आज बरेच स्पष्ट झाले आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अंदाजानुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात आणि त्यासोबत सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात. त्यांतील बहुतेकांची वस्ती मोठ्या आतड्यात असते. या साऱ्यांचे मिळून वजन जेमतेम पाव किलोच्या आत भरते. पण त्यांची कामगिरी वजनावरून ठरत नाही. धान्याचा कोंडा, डाळींच्या साली, भाज्यांतील तंतू यांचा बराचसा भाग माणसाला पचवता येत नाही. तो न पचता मोठ्या आतड्यात उतरतो आणि तेथील जिवाणूंचे अन्न होतो. त्यापासून ते काही सौम्य आम्ले तयार करतात. त्यांतील ब्युटिरिक आम्ल हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. काही जिवाणू ‘के’ जीवनसत्त्व आणि ‘ब’ गटातील काही जीवनसत्त्वेही तयार करतात. ज्यांना दूध पचत नाही, अशा पुष्कळांना दही सोसते. याचे कारणही असेच आहे. दह्यातील जिवाणूंनी दुग्धशर्करेचा काही भाग आधीच संपवलेला असतो आणि उरलेला पचवण्यास ते आतड्यात मदत करतात.

पचनाइतकेच महत्त्वाचे काम संरक्षणाचे आहे. ज्या घरात माणसे राहती आहेत, तेथे चोराला सहज शिरता येत नाही. आतड्याच्या अस्तरावर सोबती जिवाणूंची वस्ती भरलेली असली, म्हणजे रोगजंतूंना जागाही अपुरी पडते आणि अन्नही. जिवाणूंच्या आम्लांमुळे अनेक रोगजंतूंना तेथील वातावरणही मानवत नाही. शिवाय शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा फार मोठा भाग आतड्याच्या भोवती तैनात असतो. सोबती कोण आणि घुसखोर कोण, हे त्या यंत्रणेला शिकावे लागते आणि हे शिक्षण जिवाणूंच्या सहवासातच होते. प्रयोगशाळेत पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये ही यंत्रणा अपुरी वाढलेली आढळते. निसर्गाने या सहवासाची सोय जन्मापासूनच करून ठेवली आहे. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की, त्या बाळाला पचवताच येत नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातील ‘बिफिडोबॅक्टेरियम’ जिवाणूंसाठी. आई बाळाला पाजते, तेव्हा त्याच्या सोबत्यांनाही जेवू घालत असते.

आजींच्या घरात हा विषय निघाला तो त्यांच्या सात वर्षांच्या नातीच्या दुखण्यामुळे. घशाच्या संसर्गासाठी तिला प्रतिजैविक सुरू झाले होते. घसा बरा होत आला आणि पोट बिघडले. रोगजंतूंना मारणारे औषध आतड्यातील सोबत्यांनाही सोडत नाही. म्हणून असे जुलाब अनेकांना होतात. तिचे वडील काळजीने औषधांच्या दुकानात गेले आणि प्रोबायोटिकच्या पुड्यांचे महागडे खोके घेऊन आले. पचन, प्रतिकारशक्ती, उत्साह अशी सगळी आश्वासने त्या खोक्यावर छापलेली होती. आजींचे मत निराळे होते. “दहीभात खाल्ला की पोट ठिकाणावर येईल. पुड्या कशाला हव्यात?” अखेर खोके आणि दह्याची वाटी असे दोन्ही घेऊन मंडळी डॉक्टरांकडे पोहोचली.

डॉक्टरांनी प्रथम मुलीला तपासले. अंगातील पाणी कमी होऊ देऊ नका, मीठ-साखरेचे द्रावण थोडे थोडे पाजत राहा, प्रतिजैविक मनाने बंद करू नका, असे त्यांनी सांगितले. मग ते आजींकडे वळले.

“प्रोबायोटिक म्हणवून घ्यायचं तर तीन गोष्टी लागतात, आजी. जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने पोटात जायला हवेत आणि त्यांचा फायदा होतो हे तपासून सिद्ध झालेलं हवं.”

“म्हणजे माझी कढी?”

“कढी चांगलीच. पण ती तुम्ही उकळता. त्यातले जिवाणू राहतात कुठे?”

“आणि दही?”

“दह्यातले जिवंत असतात. पण तुमच्या दह्यात कोणत्या जातीचे किती आहेत, हे कोणी मोजलेलं नाही. म्हणून ते उत्तम अन्न आहे. हिला खुशाल द्या. औषध मात्र त्याला म्हणता यायचं नाही.”

आजींचा चेहरा थोडा उतरला आणि मुलाचा खुलला. पण डॉक्टरांनी त्यालाही मोकळे सोडले नाही. काही ठराविक जातींचे जिवाणू प्रतिजैविकासोबत सुरुवातीपासून दिले, तर मुलांमधील जुलाबाचे प्रमाण कमी होते, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे, हे त्यांनी मान्य केले. परंतु एका जातीचा गुण दुसरीला लावता येत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत आणि कॅनडात जुलाब-उलट्यांनी आजारी असलेल्या शेकडो मुलांवर मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांत प्रचलित प्रोबायोटिक घेणारी मुले आणि न घेणारी मुले यांच्यात काही फरक आढळला नाही. त्याच वर्षी इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली. प्रतिजैविकानंतर विकतचे प्रोबायोटिक घेणाऱ्या प्रौढांच्या आतड्यातील मूळ वस्ती पूर्ववत व्हायला अधिक वेळ लागला. ज्यांना आधी साठवून ठेवलेले स्वतःचेच जिवाणू परत दिले गेले, त्यांची वस्ती मात्र काही दिवसांतच सावरली. “तेव्हा खोक्यावरचं वाचून औषध ठरवू नका,” एवढे सांगून डॉक्टरांनी ते खोके त्यांच्या हाती परत दिले.

नात चार दिवसांत खेळू लागली. द्रावणाने, दहीभाताने की आपोआप, हे एका मुलीवरून सांगता येत नाही. आजी अर्थातच दहीभाताचे नाव घेत.

त्या चार दिवसांत शेजारीण रोज येऊन मुलीच्या उशाशी बसत होती. एका दुपारी तिने एक घडी घातलेले कात्रण आजींपुढे ठेवले. २०१७ मधल्या वर्तमानपत्राचे ते कात्रण तिने देव्हाऱ्याच्या खणात जपले होते. तिच्या ओडिशातील खेड्यांची बातमी होती ती. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील १४९ खेड्यांतील ४,५५६ नवजात बालकांवर एक चाचणी केली होती. जन्मतः निरोगी असलेल्या या बालकांपैकी निम्म्यांना आयुष्याच्या पहिल्या आठवड्यात सात दिवस ‘लॅक्टोबॅसिलस प्लांटारम’ जिवाणूंची एक निवडक जात आणि त्यांना पोसणारी शर्करा तोंडावाटे दिली गेली. उरलेल्यांना तसेच दिसणारे पण जिवाणू नसलेले मिश्रण मिळाले. पुढे साठ दिवस प्रत्येक बाळावर लक्ष ठेवण्यात आले. जिवाणू न मिळालेल्या गटात रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्के होते. जिवाणू मिळालेल्या गटात ते ५.४ टक्क्यांवर आले.

मग शेजारणीने आजवर न सांगितलेली गोष्ट सांगितली. तिचे पहिले मूल नवव्या दिवशी गेले होते. आदल्या दिवशी त्याने दूध ओढणे सोडले, अंग तापले आणि दवाखान्याची वाट अर्धीसुद्धा सरली नव्हती. “माउसी, तेव्हा हे असतं तर?” तिने विचारले.

आजींकडे याचे उत्तर नव्हते. ते कोणाकडेही नाही. चाचणी हजारोंविषयी बोलते. गेलेल्या एका बाळाविषयी ती काहीच सांगू शकत नाही. ते जिवाणू घरच्या दह्यातले नव्हते, प्रयोगशाळेत निवडून पारखलेले होते. ती बालके पुरेशा वजनाची आणि आईच्या दुधावर वाढणारी होती. अकाली जन्मलेल्या नाजूक बालकांच्या बाबतीत तर असे जिवाणूसुद्धा क्वचित घातक ठरू शकतात. तसा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये दिला आहे. म्हणूनच नवजात बाळाला आपल्या मनाने काहीही चाटवू नये. पण कात्रणातल्या त्या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे निव्वळ गणित नव्हते. तेवढ्या घरांतील पाळणे हलते राहिले होते. आजींनी कात्रणाची घडी पूर्वीसारखी घातली आणि शेजारणीचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आजींचे सारे कुटुंब महिनाभर विदर्भात गेले. जाताना विरजणाची वाटी फ्रीजमध्ये ठेवली होती. परत आल्यावर पाहतात तो मागे केव्हातरी वीज गेली होती आणि वाटीवर हिरवट बुरशी चढली होती. मुलगा म्हणाला, “कोपऱ्यावरच्या दुकानातून दही आणतो.” आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी वाटी घासून पालथी घातली आणि त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. सासूबाईंनी दिलेली डबी, रेल्वेचा तो प्रवास आणि मांडीवर जपलेले ते ओझे त्यांना आठवले असावे.

दिवेलागणीला थोडा अवकाश होता. दारात शेजारीण उभी होती. या वेळी तिची वाटी पदराआड नव्हती.

“माउसी, जामन,” ती म्हणाली.

इतकी वर्षे या घरातून गेलेले विरजण त्या घरात टिकून होते. दुसऱ्या दुधावर आणि दुसऱ्या हातांखाली त्यातील जिवाणूंच्या जाती थोड्याफार बदललेल्याही असतील. आजींनी दूध तापवले, करंगळी बुडवून ऊब पाहिली आणि विरजण लावले. सकाळी दह्याची कवडी पडली होती. त्यांनी बोटभर चाखले आणि म्हटले, “आपलंच आहे.”

मग शेजारणीची वाटी त्यांनी स्वच्छ पुसली. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करायचे नसते. ताज्या दह्याने ती काठोकाठ भरून त्यांनी नातीच्या हाती दिली आणि तिला शेजारी पाठवले.